गर्भारपणातले नाक, कान आणि घसा

परवा शिरूरच्या दवाखान्यात एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सूनबाईंना सातवा महिना लागलेला. "डॉक्टर, दोन महिने झाले, हिचं नाक चोंदलेलंच आहे. रात्रभर तोंडानं श्वास घेते. सर्दीच्या सगळ्या गोळ्या झाल्या, वाफारा झाला, काही फरक नाही. आता पोटातल्या बाळाला काही होईल का, ते सांगा," असे त्या एका दमात म्हणाल्या. सूनबाईंनी पिशवीतून नाकात टाकायच्या थेंबांच्या चार रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. सगळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या.

मी आठवड्यातले काही दिवस शिरूरला बसतो आणि काही दिवस दौंडला. घोडनदीच्या काठचे गाव आणि भीमेच्या काठचे गाव. न्हावरा-चौफुला मार्गे मी दोन्हीकडे जातो आणि दोन्हीकडे तक्रारी सारख्याच ऐकतो. बाईला दिवस गेले की घरातले लोक पोटाकडे पाहतात, ते योग्यच आहे. पण गर्भारपण फक्त पोटात नसते. ते नाकात असते, कानात असते, घशात आणि हिरड्यांतही असते. यातल्या बहुतेक तक्रारी निरुपद्रवी असून बाळंतपणानंतर आपोआप जातात. मात्र काही थोड्या तक्रारी पुढच्या मोठ्या संकटाची सूचना असतात. कोणत्या तक्रारीला घाबरायचे नाही आणि कोणत्या तक्रारीला गाडी करून निघायचे, हे घराघरात माहीत व्हावे म्हणून आजचा लेख.

नाक का चोंदते?

गरोदरपणात स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी शरीरातील संप्रेरके, म्हणजे ज्यांना आपण हार्मोन्स म्हणतो, ती मोठ्या प्रमाणात तयार होतात. नाकाच्या आतले अस्तर नाजूक असते व त्यात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. या वाहिन्या फुगतात, अस्तर सुजते आणि श्वासाची वाट अरुंद होते. सर्दीचा जंतू नाही, ताप नाही, तरी नाक बंद. साधारणपणे पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होतो. बाळंतपणानंतर सुमारे दोन आठवड्यांत नाक आपोआप मोकळे होते.

यावर औषधापेक्षा साधे उपाय चांगले. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे आणि त्यात चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा मीठ विरघळवावे. या पाण्याने दिवसातून दोन-तीन वेळा नाक धुवावे. जलनेती करणाऱ्यांना ही पद्धत नवीन नाही. पाणी उकळलेलेच हवे. विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात घेऊ नये. झोपताना खाटेच्या उशाकडील पायांखाली एकेक वीट ठेवावी आणि कुशीवर झोपावे. रोज थोडे चालावे, त्यानेही नाक मोकळे होते.

आता त्या चार बाटल्यांविषयी. हे थेंब टाकले की पाच मिनिटांत नाक उघडते, म्हणून ते आवडतात. पण तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरले की औषधाचा अंमल उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा अधिक सुजते. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. मिश्रीसारखीच ही सवय लागते. सूनबाईंचे निम्मे नाक गर्भारपणाने चोंदले होते आणि निम्मे त्या थेंबांनी. थेंब बंद केले, मिठाचे पाणी सुरू केले. पहिला आठवडा जड गेला. तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनीच निरोप दिला की आता ती रात्री झोपते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिंका, नाकाला खाज, डोळ्यांतून पाणी असे असेल तर ती ॲलर्जी असू शकते. आपल्याकडे कांद्याच्या वखारीतली धूळ, बाजरीची मळणी, गुऱ्हाळाचा आणि चुलीचा धूर ही त्याची नेहमीची कारणे. गरोदर बाईला या कामातून शक्य तितके दूर ठेवावे. नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड, गालावर किंवा कपाळावर ठणका आणि ताप असेल, तर तो सायनसचा संसर्ग. त्याला डॉक्टरांचे औषध लागते आणि गरोदरपणात चालणारी औषधे उपलब्ध आहेत.

घोळणा फुटला तर

ज्या कारणाने नाक चोंदते, त्याच कारणाने घोळणा फुटतो. साधारण पाचांत एकीला गरोदरपणात केव्हा तरी नाकातून रक्त येते. आपल्याकडे लगेच डोक्यावर पाणी ओततात, कांदा फोडून हुंगवतात, मान मागे टाकून झोपवतात. मान मागे टाकल्याने रक्त घशात उतरते, उलटी होते आणि रक्त किती गेले तेही कळत नाही.

योग्य पद्धत अशी. बाईला बसवावे, मान किंचित पुढे झुकवावी. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नाकाचा खालचा मऊ भाग घट्ट धरावा. वरचे हाड धरून उपयोग नाही. तोंडाने श्वास घ्यावा. घड्याळ लावून पूर्ण दहा ते पंधरा मिनिटे चिमटी सोडू नये. मधे मधे सोडून पाहण्याचा मोह टाळावा. बहुतेक वेळा रक्त थांबते. त्यानंतर दिवसभर नाक जोरात शिंकरू नये व नाकात बोट घालू नये. अर्ध्या तासात थांबले नाही, धार लागली, किंवा चक्कर आली, तर दवाखाना गाठावा.

आता जे सांगतो, ते सांगायला मला सोपे नाही. माझी वैद्यकी नवीन होती तेव्हाची गोष्ट. आठव्या महिन्यातली एक मुलगी घोळणा फुटला म्हणून आली. वय असेल वीस-एकवीस. मी नाकात बोळा बसवला, रक्त थांबले. "उष्णतेचंच असेल ना डॉक्टर?" असे तिच्या आईने विचारले. मी हो म्हणालो आणि दोघींना घरी पाठवले. त्या मुलीचे डोके दोन दिवसांपासून दुखत होते, हे आईने जाता जाता सांगितले होते. तिच्या बोटांतली अंगठी निघत नव्हती, हे मीही पाहिले होते. पण मी नाकाचा डॉक्टर, मी नाक पाहिले. तिच्या दंडाला रक्तदाब मोजायची पट्टी बांधली नाही. चौथ्या दिवशी तिला घरी झटके आले. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत वेळ गेला. मुलगी वाचली, बाळ वाचले नाही.

त्या दिवसापासून माझ्या टेबलावर रक्तदाबाचे यंत्र कायम आहे. कान दुखतो म्हणून आली असली तरी गरोदर बाईचा रक्तदाब पाहिल्याशिवाय मी तिला सोडत नाही. घोळणा फुटणाऱ्या बहुतेक बायकांचा रक्तदाब अगदी व्यवस्थित असतो, तेव्हा उगाच धास्ती घेऊ नये. पण पाच महिने उलटल्यावर रक्तदाब १४० / ९० किंवा त्याहून वर गेला, लघवीत प्रथिने जाऊ लागली, तर त्या आजाराला वेळीच उपचार हवेत. १६० / ११० च्या घरात गेला तर त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. म्हणून घोळणा फुटला आणि त्याच्या जोडीला डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीच्या खाली पोटात कळ, तोंडावर आणि हातांवर सूज यांतले काहीही असेल, तर उष्णता म्हणून सोडून देऊ नका. रात्र असली तरी निघा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

कानात दडे बसणे

"कानात पाणी गेल्यासारखं वाटतंय, माझाच आवाज मला घुमून ऐकू येतो," असे पुष्कळ जणी सांगतात. कानाच्या मधल्या भागापासून नाकाच्या मागे उघडणारी एक बारीक नळी असते. कानातील हवेचा दाब सारखा ठेवणे हे तिचे काम. नाकाचे अस्तर सुजले की या नळीचे तोंडही सुजते आणि दडे बसतात. काही जणींत उलटे होते. ही नळी जास्तच उघडी राहते आणि स्वतःचा श्वाससुद्धा कानात ऐकू येतो. दोन्ही प्रकार बहुधा बाळंतपणानंतर जातात. जांभई देणे, आवंढा गिळणे, मिठाच्या पाण्याने नाक धुणे एवढे पुरे होते.

मात्र दडे बसले म्हणून कानात लसूण घालून उकळलेले तेल टाकू नये. काडेपेटीची काडी, केसातली पिन, सेफ्टी पिन कानात घालू नये. दौंडला एका बाईंच्या कानात मी पडद्याला पडलेले भोक पाहिले. दडे निघावेत म्हणून त्यांनी पिन फिरवली होती. दडे होतेच, शिवाय आता कान वाहू लागला होता.

कानात गुणगुण होते, चक्कर येते, अशाही तक्रारी असतात. चक्कर येणाऱ्या बाईचे आधी रक्त तपासावे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर तो पांडुरोग आणि आपल्या भागात तो फार दिसतो. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात ठेवण्यासाठी नसतात. पण घर गरगर फिरल्यासारखे वाटणे, एका कानाने अचानक ऐकू येईनासे होणे, ही गोष्ट वेगळी. एका रात्रीत कान बंद झाला आणि सकाळी मळ नाही, सर्दी नाही, तरी ऐकू येत नाही, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते.

तोंड वाकडे होणे

शेवटच्या तीन महिन्यांत किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत कधी कधी बाई सकाळी चूळ भरायला जाते आणि पाणी एका बाजूने ओघळते. एक डोळा मिटत नाही, हसताना तोंड एकीकडे ओढले जाते. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद नळीतून जाते. तिथे ती सुजली की हे घडते. सर चार्ल्स बेल या शल्यवैद्यांनी एकोणिसाव्या शतकात या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. गरोदरपणात तो इतर वेळेपेक्षा अधिक आढळतो.

हा करणीचा प्रकार नाही आणि बाहेरची बाधाही नाही. अंगारा लावण्यात, मंत्र टाकण्यात दिवस घालवू नयेत, कारण या आजाराचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर गुण चांगला येतो. मिटत नसलेल्या डोळ्यात डॉक्टरांनी दिलेले थेंब टाकावेत, रात्री पट्टी लावावी, नाही तर बुबुळ कोरडे पडून जखम होते. याही आजारात रक्तदाब तपासलाच पाहिजे. तोंडाबरोबर हात किंवा पायही लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथे एक तासही दवडू नये.

घसा, आवाज आणि हिरड्या

पोट वाढले की जठरातले आम्ल वर येते. छातीत जळजळते, घशात काही तरी अडकल्यासारखे वाटते, सकाळी आवाज बसतो. घसा लाल दिसत नाही, तरी बाई सारखी खाकरते. यासाठी थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा खावे. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी घ्यावे. ठेचा, तळण आणि जास्तीचा चहा कमी करावा. डाव्या कुशीवर झोपावे.

पूर्वी न घोरणारी बाई गरोदरपणात मोठमोठ्याने घोरू लागली, झोपेत मधेच श्वास थांबतो असे नवऱ्याला जाणवले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. अशा बायकांत रक्तदाब वाढण्याची शक्यता जास्त असते. तपासणीला गेल्यावर हे डॉक्टरांना मुद्दाम सांगावे. गळ्यापुढे सूज दिसली तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. आईच्या थायरॉइडचा बाळाच्या मेंदूशी थेट संबंध आहे. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

हिरड्या सुजणे, दात घासताना रक्त येणे हेही नेहमीचे. काहींच्या हिरडीवर किंवा नाकाच्या आत लालबुंद, मऊ गाठ येते आणि हात लागताच भळाभळा रक्त येते. पाहून कोणीही कॅन्सरला घाबरेल. ही बहुधा गर्भारपणाची गाठ असते आणि बाळंतपणानंतर ती आक्रसते. तरीही ती एकदा दाखवून खात्री करून घ्यावी.

हिरड्यांवरून मिश्रीकडे येतो. आमच्या खेड्यांतल्या कितीतरी माऊल्या दात घासायचे म्हणून दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावतात. "डॉक्टर, मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते," असे त्या सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटीन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून बाळापर्यंत जाते. बाळ कमी वजनाचे होते, दिवस भरण्याआधी जन्मू शकते. सासू लावते म्हणून सून लावते, हे या पिढीत तरी थांबावे.

बाळाचा कान पोटात घडतो

शेवटची आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची गोष्ट. बाळाचा कान पहिल्या काही महिन्यांतच आईच्या पोटात घडत असतो. त्या काळात आईने घेतलेले चुकीचे औषध किंवा तिला झालेला एखादा आजार मुलाला जन्मभर बहिरे करू शकतो. स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शने बाळाचे ऐकणे बिघडवू शकतात. डॉक्सीसायक्लिनच्या जातीतली औषधे बाळाच्या दातांना बाधतात. अंगदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पाचव्या महिन्यानंतर मनाने घेऊ नयेत. ताप किंवा ठणका असेल तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्यावे. कोणतेही इंजेक्शन घेण्यापूर्वी "मला दिवस गेले आहेत" हे चार शब्द मोठ्याने सांगावेत. लाजू नये.

रुबेला नावाचा गोवरासारखा पण सौम्य आजार आहे. अंगावर चार दिवस पुरळ येते आणि जाते. पण पहिल्या तीन महिन्यांत तो आईला झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय यांना जबर धक्का बसतो. ऑस्ट्रेलियातील डॉ. नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली हा संबंध प्रथम दाखवला. आज त्याविरुद्ध लस आहे. आपल्या राज्यात नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली, आणि बाळांच्या नियमित लसीकरणातही ती आहे. ज्यांनी ती घेतली नसेल, त्यांनी लग्नानंतर, दिवस राहण्याआधी किमान एक महिना घ्यावी. दिवस राहिल्यावर ही लस घेता येत नाही.

बाळंतपणानंतर बाळाच्या नाका-कानात तेल घालण्याची आणि खोलीत शेगडीवर ओवा-शेपाची धुरी करण्याची रीत आहे. आजीचे प्रेम त्यात आहे, हे मी जाणतो. पण नाकात घातलेले तेल फुफ्फुसात उतरते आणि धुराने बाळ-बाळंतीण दोघांच्या नाकाची आग होते. तेल अंगाला लावावे, नाका-कानात नको. आणि बाळाचे ऐकणे पहिल्या महिन्यातच यंत्राने तपासून घ्यावे. त्यात शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू झाले, तर मूल बोलायला शिकते.

थोडक्यात काय करावे

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे. ऊसतोडीसाठी आलेल्या बहिणींनी "आमचं गाव लांब आहे" म्हणून ती चुकवू नये. कार्ड बरोबर घेऊन जवळच्या केंद्रात जावे. ज्यांच्या शेतात कोपी पडली आहे, त्या शेतकरी बंधूंनी त्यांना तेवढी सवड मिळवून द्यावी.

नाक चोंदले, दडे बसले, आवाज बसला तर धीर धरावा. घोळणा फुटला तर नाक दाबावे आणि रक्तदाब पाहावा. अचानक ऐकू येईनासे झाले, तोंड वाकडे झाले, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वाट पाहू नये.

शेवटी सासूबाईंना आणि नवरोबांना एक विनंती. सून तपासणीला जाते तेव्हा तिच्या दंडाला पट्टी बांधली का आणि आकडा किती आला, एवढे दोन प्रश्न तिला विचारत जा. हे प्रश्न त्या वेळी मला कोणी विचारले असते, तर एक बाळ आज मोठे झाले असते.

(पुढील आठवड्यात : तान्ह्या बाळाचे कान कसे जपावेत?)